मावशीला विचारा : बक्षिसं मिळाली, तरी स्टुडिओ का बंद झाला?

प्रश्न : मावशी, मी बारावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाकडे ‘हाय-फाय रश’ हा व्हिडिओ गेम खेळलो आणि अक्षरशः वेडा झालो. घरी येऊन वाचलं तर ज्यांनी तो बनवला, तो जपानचा टँगो गेमवर्क्स स्टुडिओच 2024 मध्ये बंद केलेला! मावसभाऊ म्हणतो, ‘म्हणजे गेम आपटला असणार.’ मग एवढी बक्षिसं कशी मिळाली?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : मावसभावाला सांग, गेम आपटलेला नाही. ठासून सांग.

जळगावात मी कॉलेजच्या पोरांची मेस चालवते. 2023 च्या जानेवारीअखेरची गोष्ट. भरताचा दिवस होता. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी सोलून झाली होती, मी ती मुसळीने ठेचत होते. एका पोराने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि ओरडला, ‘‘मावशी, हाऊ गेम भलता भारी शे, देखा!’’ पडद्यावर चाई नावाचा पोरगा, छातीत गाणी वाजवायचं यंत्र बसलेलं, सोबत 808 नावाचं यंत्रमांजर. त्या जगात सगळंच ठेक्यावर हलतं, झाडं, यंत्रं, शत्रूची पावलंसुद्धा. पोराचं बटण थोडं मागेपुढे झालं तरी फटका बरोबर ठेक्यावरच बसत होता. नेमकं दाबलं तर गुण जास्त. नवख्याला ताल हातात धरून शिकवायची ही रीत मला फार आवडली. माझी मुसळ त्याच ठेक्यावर कधी पडायला लागली, ते ध्यानातच आलं नाही.

आता हिशेब. 25 जानेवारी 2023 ला मायक्रोसॉफ्टने हा गेम जाहीर केला आणि त्याच दिवशी विक्रीलाही आणला. आधी जाहिरात नाही, काही नाही. किंमत साधारण 30 डॉलर, पण गेम पास म्हणजे मायक्रोसॉफ्टची गेमची वर्गणी; ती भरणाऱ्याला पहिल्या दिवसापासून वेगळा पैसा नाही. ‘द ईव्हिल विदिन’सारखे अंगावर काटा आणणारे खेळ करणाऱ्या स्टुडिओने एकदम असा रंगीत, हसता-खेळता गेम काढला म्हणून समीक्षक आधी चकित झाले, मग प्रेमातच पडले. सगळ्या परीक्षणांची सरासरी शंभरात 85 च्या वर गेली. खेळणाऱ्यांचा आकडा 30 लाखांच्या पुढे गेला. डिसेंबरात गेम अवॉर्ड्समध्ये ध्वनिरचनेचं बक्षीस, 2024 च्या एप्रिलमध्ये अ‍ॅनिमेशनचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा मानाचा पुरस्कार. खुद्द एक्सबॉक्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाच्या, मार्केटिंगचे आरन ग्रीनबर्ग 2023 मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की महत्त्वाच्या सगळ्या मापांवर हा गेम यशस्वी आहे. आणि 7 मे 2024 ला स्टुडिओ बंद करत असल्याची घोषणा झाली. बाफ्टाला महिनाही झाला नव्हता.

आता तुझा खरा प्रश्न, का?

बेटा, 30 लाख खेळाडू म्हणजे 30 लाख विकलेल्या प्रती नव्हेत. माझ्या मेसचंच बघ. पोरं महिन्याचे पैसे एकदम भरतात. हिवाळ्यात शुक्रवारी भरीत-पुरी. दोनदा वाढून घेणारा आणि त्या दिवशी चोपड्याला घरी गेलेला, दोघांचे पैसे सारखेच. माझ्या वहीत भरीत नावाचा रकानाच नाही. एका वर्षी वांगी महागली, तेव्हा घरच्यांनी हिशेब मांडला, भरताच्या दिवशी खर्च दुप्पट, बंद कर. वहीप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. मी बंद केलं. पुढच्या महिन्यात चार पोरांनी मेस सोडली. त्यातल्या एकानेही भरताचं नाव काढलं नाही; कोणी परीक्षेचं कारण दिलं, कोणी खोली लांब पडते म्हणालं. डिसेंबरात मी भरीत पुन्हा सुरू केलं. चारातले दोघे परत आले.

वर्गणीत नेमकं हेच होतं. कोणी कशासाठी पैसे भरले, ते आकड्यांत दिसत नाही. खर्च मात्र दिसतो, पगारासकट. मायक्रोसॉफ्टने 2021 मध्ये 7.5 अब्ज डॉलर मोजून टँगोची मालक कंपनी झेनिमॅक्स घेतली होती. टँगोबरोबरच त्याच घरातला आर्केन ऑस्टिन हा स्टुडिओही बंद झाला. मोठ्या, हमखास चालणाऱ्या खेळांवर ताकद लावायची, असं कारण दिलं गेलं. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या अंतर्गत सभेत ‘प्रतिष्ठा आणि बक्षिसं मिळवून देणारे छोटे गेम आपल्याला हवेत’ असं सांगितलं गेल्याची बातमी आली. ती वाचून मला त्या कारागिरांसाठी फार वाईट वाटलं. तसाच गेम त्यांनी करून दिला होता की!

गाजावाजा न करता गेम आणला म्हणून तोंडी बोलबाला खूप झाला, हे खरं. पण वर्गणी नसलेल्या माणसाला पैसे साठवायला, वाट बघायला वेळच मिळाला नाही. सोनीच्या प्लेस्टेशन या गेमयंत्रावर तो आला थेट मार्च 2024 मध्ये, तोवर पहिली हवा ओसरली होती. मला ही चूकच वाटते.

एक चांगली बातमी तुझ्या वाचण्यातून सुटलेली दिसते. ऑगस्ट 2024 मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने टँगोच्या लोकांना आणि ‘हाय-फाय रश’च्या हक्कांना आपल्याकडे घेतलं. क्राफ्टन म्हणजे तुमच्या फोनवरच्या बीजीएमआय या लढाईच्या गेमवालेच. तेव्हा मावसभावाला हेही सांग.

प्रश्न : मावशी, माझ्या मुलीला ‘हाय-फाय रश’ हवाय. पण तिला टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही. पैसे वाया जातील का?
— एक आई, धुळे

उत्तर : नाही जाणार, ताई. ठेका कानाला नाही कळला तर डोळ्यांना कळतो. मांजर ठेक्यावर लुकलुकतं, आणि पडद्याच्या खाली ठेका दाखवणारी पट्टीही सुरू करता येते. सोप्या पातळीपासून सुरुवात करू द्या. फक्त ब्लूटूथचे हेडफोन नकोत, त्यात आवाज क्षणभर मागे पडतो आणि लेकरू उगाच स्वतःला दोष देतं. वायरचे लावा.