बुडबुडे बारीक, तरी प्राणवायू कमी का?

आपला प्रश्न असा आहे की, सांडपाण्यातून डिटर्जंट आले की वायुवीजन टाकीतले (जीवाणूंसाठी सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतले) बुडबुडे अधिक बारीक दिसतात, बारीक बुडबुड्यांचे एकूण पृष्ठफळ जास्त असते, मग ब्लोअर (हवा पुरवणारे यंत्र) पूर्ण क्षमतेने चालवूनही पाण्यातला विरघळलेला प्राणवायू का घसरतो? आपले निरीक्षण बरोबर आहे, पण ते अर्ध्याच गोष्टीचे आहे.

प्राणवायू पाण्यात उतरण्याचा वेग हवा-पाण्याच्या संपर्काचे क्षेत्रफळ आणि त्या क्षेत्रफळाच्या प्रत्येक एककातून वायू पलीकडे जाण्याची गती, या दोहोंच्या गुणाकाराने ठरतो. डिटर्जंटमुळे पृष्ठताण उतरतो आणि क्षेत्रफळ वाढते हे खरे. परंतु बारीक बुडबुड्यांच्या बाबतीत दुसरी राशी त्याहून अधिक घटते. बुडबुडा वर चढू लागला की डिटर्जंटचे रेणू त्याच्या पृष्ठभागावर जमतात आणि प्रवाहाबरोबर बुडबुड्याच्या खालच्या बाजूकडे लोटले जातात. त्यामुळे वरच्या व खालच्या भागांतील पृष्ठताणात फरक पडतो आणि हा फरकच पृष्ठभागाला सरकू देत नाही. स्वच्छ पाण्यात ज्याचा पृष्ठभाग सतत नवा होत असतो, तो बुडबुडा आता कडक गोळीसारखा वागतो. तो सावकाश चढतो, म्हणजे पाण्यात जास्त वेळ राहतो, पण तेवढ्याने तूट भरून निघत नाही.

या घटीचे माप म्हणजे अल्फा गुणक: सांडपाण्यातील हस्तांतरण गुणांक (प्राणवायू पाण्यात उतरण्याच्या वेगाचे माप) भागिले स्वच्छ पाण्यातील गुणांक. बारीक बुडबुड्यांच्या डिफ्यूझरसाठी (टाकीच्या तळाशी हवा बुडबुड्यांच्या रूपात सोडणाऱ्या साधनासाठी) तो साधारणतः ०.३ ते ०.६ या दरम्यान आढळतो. समजा, स्वच्छ पाण्यात डिफ्यूझरची कार्यक्षमता ३० टक्के आहे, म्हणजे सोडलेल्या प्राणवायूपैकी ३० टक्के पाण्यात विरघळतो. अल्फा ०.५ धरला, क्षारांमुळे संपृक्ततेत (पाण्यात जास्तीत जास्त विरघळू शकणाऱ्या प्राणवायूत) होणाऱ्या घटीसाठी बीटा हा गुणक ०.९५ घेतला आणि २० अंश सेल्सिअसला टाकीत २ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू राखायचा असेल, तर स्वच्छ पाण्याची संपृक्तता सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर मानून (पाण्याच्या खोलीचा परिणाम बाजूला ठेवून) प्रत्यक्षात जेमतेम ११ टक्केच हाती येतात. उत्पादकाच्या माहितीपत्रकावर विसंबून निवडलेला ब्लोअर इथेच तोकडा पडतो. पृष्ठभागावर पाणी उसळवणाऱ्या यांत्रिक एरेटरमध्ये खळबळीने पृष्ठभाग सतत मोडत राहतो, म्हणून तिथे अल्फा बराच चांगला राहतो.

अल्फा हा स्थिरांक समजू नये. लांबट टाकीत तो प्रवेशाशी सर्वांत कमी असतो आणि जीवाणू डिटर्जंट खात जातील तसा पुढे वाढत जातो. दिवसभरात भार शिगेला पोहोचतो त्याच वेळी तो खाली येतो, म्हणजे प्राणवायूची गरज सर्वाधिक असताना हस्तांतरण सर्वांत दुबळे. पूर्वीची फांद्यायुक्त साखळीची डिटर्जंटे जीवाणूंना सहज पचत नसत, म्हणून १९६० च्या दशकात सरळ साखळीची डिटर्जंटे आली. पण त्यांनाही विघटनासाठी वेळ हा लागतोच.

म्हणून गाळाचे वय (जीवाणूंचा गाळ प्रक्रियेत सरासरी जितके दिवस राहतो तो काळ) वाढवणे हा माझ्या मते पहिला उपाय. वायुवीजनापूर्वी अनॉक्सिक (हवा न देता, विरघळलेल्या प्राणवायूशिवाय चालणारा) टप्पा ठेवल्यासही अल्फा सुधारतो. फेस दिसताच फेसनाशक ओतण्याची घाई मात्र करू नका, कारण त्यामुळे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि हस्तांतरण बहुधा आणखी घटते. नवे ब्लोअर मागवण्याआधी टाकीतून बाहेर पडणाऱ्या वायूतील प्राणवायू मोजून घ्या, आणि हे मोजमाप प्रवेशाशी, मध्यभागी व शेवटी, अधिक भाराच्या आणि कमी भाराच्या अशा दोन्ही वेळी करा.