वीज पडते तेव्हा पाऊस असतोच ना? मग डोंगरातली जंगलं विजेनं पेटतात कशी?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिका-कॅनडातले वणवे विजेनं लागले अशा बातम्या येतात, पण वीज म्हणजे पाऊसही आलाच, मग आग विझत का नाही? आणि आपल्या सह्याद्रीत असं का ऐकू येत नाही?

मी सोलापूरचा. आमच्याकडे जंगल म्हणजे नान्नजचं माळरान, तेही गवताचं. पण मुलगी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात राहत असताना दोन उन्हाळे तिच्याकडे काढले. डोंगर पेटले की भर दुपारी सूर्य कुंकवासारखा दिसायचा. तिथल्या लोकांना विचारून विचारून मी भंडावून सोडलं होतं. खरं तर अर्धं उत्तर मला मंगळवेढ्याकडच्या मामांच्या शेतात आधीच मिळालेलं होतं, तेव्हा ते कळलं नव्हतं इतकंच.

मे महिना होता. संध्याकाळी आभाळ भरून आलं, वारं सुटलं, कडाडून वीज पडली ती बांधावरच्या लिंबावर. पाऊस मात्र चार थेंब. लिंबाखाली कडब्याची गंज होती. बॅटरी घेऊन सगळे बघून आले, काही नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास वारं उठलं आणि गंजीतून धूर. टँकर येईपर्यंत वर्षाची वैरण गेली.

तिकडच्या डोंगरात हेच घडतं, फक्त कडब्याच्या जागी पाइन-फरसारख्या सुईपानी झाडांची जंगलं धरा. उन्हाळ्यात तिथली हवा इतकी कोरडी, आणि ढग इतके उंचावर, की पाऊस पडायला लागतो पण खाली पोचायच्या आत हवेतच विरतो. आमच्याकडेही वैशाखात ढगाखाली पावसाच्या दोऱ्या लोंबताना दिसतात आणि अंगणात थेंब नसतो, तसं. वीज मात्र जमिनीपर्यंत येतेच. वर आणखी एक त्रास असा, की विरणारा पाऊस हवा गार करतो, ती जड हवा धाडकन खाली येते आणि चहूकडे वारा सुटतो. म्हणजे ठिणगी टाकायची आणि फुंकरही मारायची, दोन्ही कामं एकच ढग करतो.

प्रत्येक वीज आग लावत नाही. विजेचं तापमान 30,000 अंश सेल्सिअसच्या घरात जातं, पण ते क्षणाच्याही बारीक तुकड्यापुरतं. समईच्या ज्योतीतून बोट झटकन फिरवलं तर भाजत नाही ना? तसं झाड फाटतं, साल उडते, पेटत नाही. काही विजांमध्ये मात्र मुख्य झटक्यानंतरही प्रवाह सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, कधी त्याहून जास्त, वाहत राहतो. धग लागते ती अशा विजांची.

आणि मग ती आग लपते. डोंगरातल्या झाडांखाली सुया, साली, कुजलेला पाला यांचा जाड थर असतो. जुन्या बायका रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायच्या आणि सकाळी गोवरीचा चुरा टाकून फुंकायच्या, अगदी तसा निखारा त्या थरात दिवस-दिवस, क्वचित आठवडे-आठवडे जिवंत राहतो. वरवरचा पाऊस तिथवर झिरपत नाही. ऊन तापलं, वारं आलं की धूर.

डोंगर असल्यानं पुढचं सगळं अवघड. वीज बहुधा कड्या-शिखरांवर पडते, जिथं रस्ता नसतो. म्हणून 12 जुलै 1940 रोजी आयडाहोच्या जंगलात, अमेरिकेत पहिल्यांदाच, माणसांनी आग विझवायला विमानातून पॅराशूटनं उड्या घेतल्या, आणि ती पद्धत अजून चालू आहे. ज्वाळा चढावर पळतात, कारण वरचं झाड खालच्या धगीनं आधीच वाळून तयार असतं. उतारावर पाइनची पेटती शंकूसारखी फळं गडगडत खाली जातात आणि विझवणाऱ्यांच्या पाठीमागे नवी आग लावतात.

अ‍ॅरिझोनात यार्नेलजवळ 28 जून 2013 ला विजेनं लागलेली आग सुरुवातीला एवढीशी होती. 30 जूनला दुसऱ्या वादळाच्या वाऱ्यानं तिची दिशा फिरली आणि आग विझवणाऱ्या एकाच तुकडीतले 19 जण गेले. कॅलिफोर्नियात ऑगस्ट 2020 मध्ये काही दिवसांत हजारो विजा पडल्या, शेकडो आगी लागल्या. त्यातल्या काही एकमेकींत मिसळून झालेल्या एका वणव्यानं 10 लाख एकरांहून जास्त जंगल खाल्लं. आमच्या सोलापूर जिल्ह्याचा पाव भाग धरा, तरी तो त्याहून कमीच भरेल.

आता सह्याद्री. आपल्याकडे जंगल वाळतं फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा आभाळ बहुतेक निरभ्र असतं. विजा येतात वळवाबरोबर, एप्रिल-मेमध्ये, आणि वळीव एकदा कोसळला की पाचोळा चिंब करून जातो. वाळलेलं जंगल आणि कोरडी वीज यांची गाठ क्वचितच पडते. त्यामुळे आपले वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातचे: नवं गवत फुटावं म्हणून लावलेली काडी, बांध जाळताना सुटलेली आग, विडीचं थोटूक. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळ्याचे पट्टे आधीच जाळून साफ करतं, ते मुख्यतः यासाठीच.

वीज पडल्याचा संशय असेल तर झाडाची साल बघा. वरून खाली, कधी पीळ घेत गेलेला ताजा ओरखडा असेल तर वीजच. आणि त्या झाडाखालचा पाचोळा, कडबा, जे काही असेल ते दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत हात घालून पुन्हा तपासा. आम्ही रात्रीच बघून झोपलो होतो.