ओसरीच्या दगडाला सीलर: कोणता लावावा आणि ठेव मोडावी का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आपल्या वाड्याचे अंगण आणि ओसरी, मिळून सहाशे चौरस फूट वालुकाश्म, यांना सीलर, म्हणजे पाणी दगडात शिरू नये म्हणून लावायचा द्रव, लावण्यासाठी आपणांस दोन कोटेशने मिळाली आहेत: वॉटर बेसचे (पाण्यात कालवलेल्या सीलरचे) २१,००० रुपये आणि सॉल्व्हेंट बेसचे (रासायनिक द्रावकात विरघळवलेल्याचे) ३३,००० रुपये. पहिला तीन वर्षे टिकेल व दुसरा पाच, असे मिस्त्री सांगतात. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये मुदत संपणारी ४०,००० रुपयांची ठेव आत्ता ऑगस्टमध्येच मोडावी का, असा आपला प्रश्न आहे.

मिस्त्रींचा शब्द प्रमाण मानला, तर वर्षाला वॉटर बेसचे ७,००० आणि सॉल्व्हेंट बेसचे ६,६०० रुपये पडतात, म्हणजे महागडा पर्याय पाच वर्षांत दोन हजारांनी स्वस्त ठरतो. परंतु सॉल्व्हेंट बेस सीलर ज्वलनशील असतो, वाळेपर्यंत त्याचा उग्र वास घरभर राहतो, आणि आपले स्वयंपाकघर तर ओसरीतच उघडते. सासूबाईंना दमा असल्याने दोन-तीन दिवस सर्वांनाच बाहेर राहावे लागेल, आणि ते दोन हजार तेवढ्यातच संपतील. (असा खर्च कोटेशनात कधीच नसतो.) म्हणून मी वॉटर बेसच निवडेन, मात्र तो दगडात मुरणारा असावा, वर चकाकता थर धरणारा नव्हे, कारण असा थर पाण्याने निसरडा होतो आणि खालून ओल आली की सुटू लागतो.

ठेव मोडल्यास बँका साधारणपणे अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. आपल्या वर्षभराच्या ठेवीवर हे नुकसान तीनशे-चारशे रुपयांपलीकडे जाणार नाही. तेव्हा थांबण्याचे कारण व्याज नव्हे, ओल आहे. आपण पाठविलेल्या छायाचित्रात पन्हळीखालच्या भिंतीच्या पायथ्याशी वीतभर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार, दिसतो. ती पन्हळ आधी दुरुस्त करावी, नाहीतर कोणताही सीलर लावून पैसे वायाच जातील.

दिवाळीनंतर दगडावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवावा. सकाळी तो खालून कोरडा असेल, तर मुदत संपलेल्या ठेवीतून काम करून घ्यावे. थेंब दिसले, तर ठेव आणखी तीन महिन्यांसाठी ठेवावी, कारण ग्वाल्हेरच्या डिसेंबर-जानेवारीतील थंडीत वॉटर बेस नीट वाळत नाही.