स्वयंपाकाच्या मावशींच्या हातावरचा चट्टा

प्रश्न : कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीत तीन घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या हातावर फिकट चट्टा आहे. परवा तिथे तवा लागून फोड आला, पण त्यांना भाजल्याचं कळलंच नाही. कुणी कोड म्हणतं, कुणी महारोग. दोन घरांनी त्यांचं काम बंद केलं. आमच्या घरी दीड वर्षाचं बाळ आहे. आम्ही काय करावं?

उत्तर : भाजलं आणि कळलं नाही, म्हणजे तपासणी याच आठवड्यात व्हायला हवी. कोड पांढराशुभ्र असतो, पण तिथे स्पर्श नीट कळतो. शिब्यांवर कोंडा धरतो, नायटा खाजतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो. तो खाजत नाही, तिथे घाम कमी येतो आणि बधिरपणा असतो.

स्पर्श घरीही पाहता येतो. कापसाचं टोक बारीक वळा. आधी चांगल्या कातडीवर टेकवून मावशींना दाखवा, मग त्यांना डोळे मिटायला सांगा. कापूस नुसता टेकवायचा, घासायचा नाही. जिथे लागला तिथे त्यांनी बोट ठेवायचं. ‘कळतंय का?’ असं विचारत राहू नका. संकोचाने माणूस ‘हो’ म्हणतो आणि चाचणी फुकट जाते. टाचणी किंवा गरम चमचा तर मुळीच नको.

बोट चुको वा न चुको, याच आठवड्यात महापालिकेचं जवळचं नागरी आरोग्य केंद्र गाठा. तिथे कोपरामागची नस जाड झाली आहे का, करंगळीचा जोर कमी झाला आहे का, हेही पाहतात. कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार (एकत्र घ्यायची एकाहून अधिक औषधं) सरकारी केंद्रांत मोफत मिळतो. चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने. गोळ्यांचं पाकीट २८ दिवसांचं असतं.

आता बाळाविषयी. हा आजार शिजवलेल्या अन्नातून पसरत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाका-तोंडातून उडणाऱ्या थेंबांतून, तेही दीर्घकाळच्या निकट सहवासात, जंतू जातात. बहुतेकांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती असतेच, आणि औषध सुरू झालं की संसर्ग लवकरच थांबतो. निदान पक्कं झालं तर सहवासातल्या लोकांना तपासून रिफाम्पिसिन या औषधाचा एकच प्रतिबंधक डोस देतात. दोन वर्षांखालच्या मुलांना तो देत नाहीत, त्यामुळे बाळाची फक्त तपासणी होईल.

खरा धोका मावशींच्या हाताला आहे. बधिर हाताने तवा उचलताना जाड फडकं हवं, भांड्यांना लाकडी मूठ हवी, आणि रोज रात्री दोन्ही हात उजेडात निरखून पाहायला हवेत. काम गेलं की माणूस चट्टा लपवतो, लांब बाह्या घालतो, दवाखाना टाळतो आणि तेवढ्यात नस मरते. म्हणून आमची कळकळीची विनंती : त्यांचं काम चालू ठेवा, आणि आजाराची वाच्यता त्यांच्या संमतीशिवाय सोसायटीत करू नका.

प्रश्न : (वागळे इस्टेट, ठाणे) नवऱ्याच्या कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू आहेत. अंग काळवंडलं, एकदा लघवी लाल झाली, आणि आता चट्टे सुजून कोपर ठणकतंय. औषधाची उष्णता म्हणून सासूबाई गोळ्या बंद करा म्हणतात. भाऊ म्हणतो, घटस्फोट घे.

उत्तर : गोळ्या बंद करू नका. लाल लघवी महिन्यातून एकदा घ्यायच्या रिफाम्पिसिनने होते, एक-दोन दिवसांत निवळते. काळेपणा उपचारातल्याच क्लोफाझिमिन या औषधाचा, औषध संपल्यावर काही महिन्यांत उतरतो. सुजलेले चट्टे आणि ठणकणारं कोपर मात्र वेगळं आहे. ती ‘रिअ‍ॅक्शन’ आहे : मरणाऱ्या जंतूंवर शरीराचा हल्ला, ज्यात नसही सापडते. आजच डॉक्टरांकडे न्या. बहुधा प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड देतील आणि ते काही आठवडे हळूहळू कमी करतील. ते मध्येच सोडायचं नाही. मूळ गोळ्या सोबत चालूच राहतील. हाताची पकड सैल वाटली किंवा डोळा पूर्ण मिटेना झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. भावाला सांगा, २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलेलं नाही.