वाचकांचे प्रश्न : हा स्ट्रायकर मोठ्या क्लबचा आहे का?

प्रश्न : स्ट्रायकर, म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणारा, डार्विन नुन्येज. त्याने २०२१-२२ मध्ये बेन्फिकाकडून पोर्तुगालच्या फुटबॉल लीगमध्ये २८ सामन्यांत २६ गोल केले. लिव्हरपूलने त्याच्यासाठी साडेसात कोटी युरो मोजले, शिवाय बोनस वेगळा. तिथे तीन मोसमांत लीगमधले त्याचे गोल ९, ११ आणि ५. २०२५ मध्ये तो सौदीतल्या अल-हिलालकडे गेला. एवढा पैसा ओतणाऱ्यांना हे आधी कळत कसं नाही?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : बरंचसं कळतं, पण गोलांच्या बेरजेतून नाही. ती बेरीज आधी सोलून घ्यावी लागते.

पहिल्यांदा पेनल्टी वजा करा. दर चार पेनल्टींपैकी साधारण तीन आत जातातच. मँचेस्टर सिटीच्या हालांडच्या २०२२-२३ मधल्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या ३६ गोलांत ७ पेनल्टी होत्या. त्या काढल्या तरी २९ उरतात, म्हणजे माणूस वेगळ्याच दर्जाचा. पण १८ गोलवाल्याच्या ६ पेनल्टी निघाल्या तर उरले १२. आता मिनिटं बघा. हे १२ गोल २७०० मिनिटांत झाले असतील, तर दर ९० मिनिटांना ०.४ पडतात. आमच्या मते मोठ्या क्लबच्या मुख्य स्ट्रायकरसाठी ही काठावरची पातळी. ०.५ च्या पुढे असेल तर पुढचं बोलावं.

मग शॉट मोजा. दर ९० मिनिटांना किमान तीन, आणि तेही बहुतेक पेनल्टी बॉक्सच्या आतून हवेत. एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल : प्रत्येक शॉट जिथून, जशा स्थितीत मारला, तिथून गोल होण्याची शक्यता. मोठ्या लीगमध्ये सरासरी शॉटची किंमत ०.१ च्या आसपास असते, बॉक्सबाहेरून मारलेल्याची त्याच्या निम्मीही नसते. लांबून मारलेल्या पाच-सहा रॉकेटांवर उभा असलेला मोसम पुन्हा तसाच येत नाही.

नशिबाचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच मोठा आहे. दहातला एक शॉट आत जाणारा खेळाडू मोसमात १०० शॉट मारत असेल, तर काहीही न बदलता तो एका वर्षी ७ गोल करेल, दुसऱ्या वर्षी १३. म्हणून किमान दोन मोसम बघायचे. त्यातही गोलांपेक्षा संधी जास्त विश्वासाच्या. २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे २७ गोल करणारा हालांडच सर्वांत जास्त मोठ्या संधी हुकवणाराही होता. संधी हुकवायला आधी तिथे पोहोचावं लागतं!

नुन्येज पोहोचायचा. ३१ जानेवारी २०२४ ला चेल्सीविरुद्ध त्याने एकाच सामन्यात चार वेळा गोलपोस्ट किंवा क्रॉसबार हलवला, त्यात एक पेनल्टी. असा एखादा सामना दुर्दैव म्हणून सोडता येतो. पण गोल सतत संधींपेक्षा कमी पडत गेले, तर दोष फिनिशिंगचा. त्याचा कल जोरात आणि घाईत मारण्याकडे, आणि ऑफसाइडही वारंवार. शिवाय एक जुना सापळा इथे होता : एप्रिल २०२२ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याने खुद्द लिव्हरपूलविरुद्ध दोन्ही सामन्यांत गोल केले होते. आपल्यावर गोल करणाऱ्याला विकत घेण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

प्रश्न : डच लीगमधल्या गोलांवर विश्वास ठेवायचा की नाही? सुआरेझही तिथूनच आला होता.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : नुसत्या आकड्यावर नाही. केझमनने पीएसव्ही या डच क्लबकडून २००२-०३ मध्ये ३५ आणि पुढच्या मोसमात ३१ गोल केले, चेल्सीत गेल्यावर लीगमध्ये अवघे ४. यान्सेनने एझेड या डच क्लबकडून २७ केले, टॉटनहॅममधल्या पहिल्या मोसमात २. सुआरेझचे आयाक्स या डच क्लबसाठी २००९-१० मध्ये ३५ होते, आणि त्याने २०१३-१४ मध्ये लिव्हरपूलसाठी ३३ सामन्यांत ३१ गोल केले, त्यात एकही पेनल्टी नाही.

आकडे जवळजवळ सारखे, माणसं वेगळी. फरक शोधायचा तो गोलाच्या आधीच्या पाच सेकंदांत. पास तयार मिळाला आणि पाय लावला, की बचावपटूला चकवून शॉट स्वतः तयार केला? कमकुवत बचावफळीसमोर पहिल्या प्रकारचे गोल खूप होतात. लीग बदलली की ते आधी आटतात, कारण तिथला सेंटर बॅक (बचावफळीच्या मधला खेळाडू) अर्धा सेकंद लवकर पोहोचतो. सुआरेझ दुसऱ्या प्रकारचा होता. त्याचाही २०११-१२ चा मोसम लीगमध्ये ११ गोलांचाच होता, पण शॉट भरपूर होते आणि ते तो स्वतः उकरून काढत होता.

प्रश्न : मी सामने टीव्हीवरच बघतो. स्ट्रायकरकडे नेमकं काय बघू?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हायलाइट्स बघू नका. त्यात झालेले गोल असतात, न केलेली धाव नसते. पूर्ण सामना लावा, प्रत्येक अर्ध्यातली १५ मिनिटं चेंडू सोडून फक्त त्याच्यावर नजर ठेवा. सामना निवडताना समोरचा संघ मागे सरकून, दहा जण बॉक्ससमोर उभे करून खेळणारा निवडा.

हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. मध्यम क्लबच्या स्ट्रायकरला बचावफळीच्या मागे ३०-४० मीटर मोकळं रान मिळतं. मोठ्या क्लबविरुद्ध बहुतेक संघ दडून बसतात, तेव्हा जागा उरते दोन-तीन मीटर. लिव्हरपूलचा स्पॅनिश स्ट्रायकर फर्नांडो टोरेस, त्याच्या पडझडीचं हे एक कारण. २०१० मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, वेग गेला. २०११ मध्ये पाच कोटी पाउंडांना चेल्सीत आला तेव्हा मागे धावायला जागाही नव्हती. तिथे लीगच्या ११० सामन्यांत २० गोल.

अशा सामन्यात क्रॉस, म्हणजे बाजूने बॉक्समध्ये टाकलेला चेंडू, येण्याआधी तो मागच्या पोस्टकडे एक पाऊल टाकून झटकन पुढच्या पोस्टकडे येतो का, बघा. सेंटर बॅकच्या नजरेआड, त्याच्या पाठीशी उभा राहतो का? चेंडू येण्याआधी मान वळवून मागे किती वेळा बघतो? बॉक्समध्ये पहिला टच शॉटच्या दिशेने पडतो की पायाखाली अडकतो? तिसरा टच घ्यावा लागला की सहसा संधी गेली. दुसऱ्या पायाने मारणं टाळण्यासाठी चेंडू फिरवून घेत असेल तर तेही लिहून ठेवा, चांगला बचावपटू दोन सामन्यांत हे ओळखतो.

चेंडू नसताना : गोलरक्षकाकडे सरळ धावणं म्हणजे नुसता घाम गाळणं. वाकड्या रेषेत धावून एका सेंटर बॅककडे जाणारा पास झाकला, तर ते खरं प्रेसिंग, म्हणजे चेंडू हिसकावण्यासाठी टाकलेला दबाव.

टीव्हीची अडचण एकच. कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे स्ट्रायकर बराच वेळ चौकटीबाहेर असतो. शाहू स्टेडियमवर सामना बघायला जाल तेव्हा गोलपोस्टच्या मागे, शक्य तितकं उंचावर बसा. तिथून धावांचे कोन दिसतात.

प्रश्न : गोल न करणारा स्ट्रायकर मोठ्या संघात कसा खपतो? फ्रान्सच्या जिरूचं उदाहरण द्याल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : २०१८ च्या विश्वचषकात जिरूचा एकही शॉट गोलाच्या दिशेने गेला नाही, आणि फ्रान्स विजेता ठरला. तो सेंटर बॅकना अंगावर घ्यायचा, उंच चेंडू एका टचमध्ये खाली ठेवायचा. मोकळ्या झालेल्या जागेत एम्बापे आणि ग्रीझमन घुसायचे, दोघांचे चार-चार गोल झाले. पण असा स्ट्रायकर तेव्हाच घ्यावा, जेव्हा बाजूला गोल करणारे दोघे आधीपासून हजर आहेत. त्याच्या येण्याने ते दोघे तयार होत नाहीत.