नदीकाठच्या वस्तीला फोनवरून धोक्याची सूचना द्यायची तर ऑटोमॅटिक कॉल बरा की एसएमएस?

कॉल. गाढ झोपलेला माणूस एसएमएसच्या आवाजाने उठत नाही. पण तुम्ही लिहिलंय की 'कॉलचा रिपोर्ट मिळतो, म्हणजे सूचना कोणाला पोचली ते कळेल', ते वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्याकडे पुरासाठी अशीच सोय होती. एका रात्री दोनच्या सुमाराला पाणी चढायला लागलं, कॉल सुटले. माझी काकू एकटी राहायची, घरी लँडलाइन. तिने फोन उचलला, हॅलो हॅलो केलं, पलीकडे आधी शांतता, मग एक बाई कार्यालयाचं लांबलचक नाव सांगायला लागली, काकूला वाटलं कर्जाबिर्जाची जाहिरात असणार, तिने ठेवून दिला आणि झोपली. त्या रेकॉर्डिंगमध्ये 'पाणी' हा शब्द अठराव्या सेकंदाला येत होता, मी नंतर घड्याळ लावून मोजलंय. पहाटे शेजारच्या पोरांनी कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन तिला माळ्यावरून उतरवलं. आणि रिपोर्टमध्ये तिच्या नावापुढे 'कॉल यशस्वी'! यंत्रणा सांभाळणारे गृहस्थ तो कागद मिटिंगमध्ये सगळ्यांना दाखवत होते, म्हणे आम्ही कॉल केला, त्यांनी उचललाही, आता आणखी काय करायचं. मी तिथेच भांडलो आणि आजही माझं मत तेच आहे, फोन उचलला म्हणजे ऐकलं असं होत नाही.

म्हणून पहिलाच शब्द धोक्याचा पाहिजे, लगेच कुठे जायचं ते, आणि कार्यालयाचं नाव शेवटी. ऐकून झाल्यावर 1 दाबायला सांगा, ज्यांनी दाबला नाही त्यांना परत कॉल, तरी नाही तर माणसाने जाऊन दार वाजवायचं, त्यासाठी दर दहा घरांमागे एक जण आधीच ठरवून ठेवा. कॉल ज्या नंबरवरून येणार तो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या, अनोळखी नंबर हल्ली कोण उचलतं? 'धोका टळला' हेही आधीच तयार ठेवा. हवाईमध्ये 13 जानेवारी 2018 ला क्षेपणास्त्र येतंय असा चुकीचा अलर्ट सगळ्यांच्या फोनवर गेला, तो चुकीचा होता हे फोनवर कळवायला 38 मिनिटं लागली.

सेल ब्रॉडकास्टचं, म्हणजे टॉवरवरून थेट मोबाईलवर येणाऱ्या इशाऱ्याच्या मेसेजचं, राहिलंच. त्याला नंबरांची यादी लागत नाही, टॉवरच्या टप्प्यातल्या चालू मोबाईलवर एकदम जातो, लाइन जाम झाली तरी अडत नाही. जर्मनीने 2021 च्या पुरानंतर शहाणं होऊन 2023 मध्ये तो सुरू केला. पण तो सरकारच्या हातात, तुमच्या नाही, आणि लँडलाइनवर येत नाही. आणि हो, टॉवरच बंद पडला तर मोबाईलवरचं यातलं काहीच चालणार नाही, तेव्हा भोंगा काढून टाकू नका.

सिस्टीम विकायला येईल त्याला पहिल्याच दिवशी विचारा, रिपोर्टमध्ये 'उचलला' आणि 'ऐकून 1 दाबला' असे दोन वेगळे रकाने आहेत का. त्या मिटिंगमध्ये मी हेच मागितलं होतं. नाही म्हणाला तर दुसरा बघा.