अकरा महिन्यांची ऑर्डर

प्रश्न : मी तासगावचा, वय 27, एम.कॉम. सांगलीत एका कर सल्लागाराकडे काम करतो. एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अकरा महिन्यांच्या करारावर निवड झाली आहे. पगार इथल्यापेक्षा थोडा कमीच. वडील म्हणतात, "एकदा आत शीर, मग आपोआप कायम होशील." जाऊ का?

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा, पण ते म्हणतात तो काळ गेला. मी विद्यापीठातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा दर अकरा महिन्यांनी ब्रेक घेऊन नवी ऑर्डर आणत होता. निकालाची सगळी कामं त्यालाच यायची, आणि कायम झालेली माणसं त्यालाच विचारायची. तो अजून करारावरच आहे. करारावर काम केलं एवढ्यावरून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये उमादेवी खटल्यात सांगून ठेवलं आहे.

कायम शिक्षकेतर कर्मचाऱ्याची गोष्ट वेगळी. कनिष्ठ लिपिकाची वेतनश्रेणी 19,900 ते 63,200, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, तरीही नोकरी भक्कम. पण तिथेही सगळं ताटात वाढून येत नाही. बढती मिळाली नाही तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेसाठी फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यभरच्या शिक्षकेतरांना परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकावा लागला होता.

आता कामाबद्दल. विद्यापीठ म्हटलं की लोकांना उन्हाळी सुट्टी आठवते. ती प्राध्यापकांना. परीक्षा विभागाला मे-जून म्हणजे लगीनघाई. कायद्याने निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावायचा असतो, आणि तपासलेल्या पेपरचे गुण कुठल्या तरी कॉलेजकडून यायचेच असतात. इकडे मुलं फोनवर, तिकडे विद्यार्थी संघटना दारात. शिव्या खिडकीवरच्या माणसाने खायच्या, फाईल मात्र वरच्या टेबलावर पडलेली. आपल्याकडे टिपणी खालून वर जायला वेळ लागतो, आणि "चर्चा करावी" असा शेरा घेऊन ती परत आली की तो दिवस गेलाच म्हणायचा.

तरी मला ते काम आवडायचं, हे खोटं कशाला सांगू? एकदा जतकडची एक मुलगी पदवी प्रमाणपत्र घेऊन आली. दहावीच्या सनदेवर एक स्पेलिंग, पदवीवर दुसरं, आणि परदेशातल्या प्रवेशाची मुदत तोंडावर. तिचा प्रवेश अर्ज रेकॉर्डमधून काढला, तर कॉलेजनेच एक अक्षर खाल्लेलं. अर्ज, प्राचार्यांचं पत्र, टिपणी, सह्या सगळं फिरवून दुपारी दुरुस्त प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं. नियम कुठल्या कलमात आहे हे माहीत असणाऱ्या कारकुनाला विद्यापीठात जी किंमत असते, ती भल्याभल्या साहेबांना नसते.

माझं स्पष्ट मत : या करारावर जाऊ नका. जीएसटी आणि रिटर्नचं काम हाताशी आहे. ते वर्षागणिक वाढतं, उद्या स्वतःची पाटीही लावता येते. परीक्षा विभागातला अनुभव बाहेर फारसा कुणी विचारत नाही. कायम पदाची जाहिरात आली तर मात्र डोळे झाकून अर्ज करा.

वडिलांपुढे काही चाललं नाही आणि गेलातच, तर आधी ऑर्डर नीट वाचा. ती कुलसचिवांच्या सहीची आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची? पीएफ कापणार का? सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली रजा मिळणार का? विद्यापीठ कुठल्या प्रकारचं तेही बघा. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ किंवा साताऱ्याचं 2021 मध्ये झालेलं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ यांना राज्याचा 2016 चा विद्यापीठ कायदा लागतो. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांचे सेवानियम त्यांचे स्वतःचे असतात. रोज तासगावहून ये-जा करायची असेल तर एसटीचा खर्च आत्ताच पगारातून वजा करून बघा. आणि सध्याच्या साहेबांना जुलैत, रिटर्नच्या ऐन गर्दीत सोडून जाऊ नका. बाराव्या महिन्यात त्यांच्याकडेच जावं लागण्याची शक्यता बरीच आहे.